दुसऱ्या टोकाला कोण

तिला सगळे पायवाली म्हणायचे आणि तिला त्याचा राग यायचा नाही. "लोकांना नाकावरून, नाहीतर चालीवरून नाव पडतं. मला कामावरून पडलंय. असं नाव फुकटात मिळतं का कुणाला?" असं ती म्हणायची. काम खरोखरच पाय बनवण्याचं. कुणाचा पाय गुडघ्याखाली गेलेला, कुणाचा मांडीतून. त्यांच्यासाठी कृत्रिम पाय. त्यातही तिचा हात खोबणीवर बसलेला. खोबणी म्हणजे उरलेला पाय ज्या कपात जाऊन बसतो, तो कप. खालची नळी आणि पंजा तयार मिळतो. खोबणी मात्र ज्याची त्याला मापून करावी लागते. ती जराशी चुकली की माणूस पाय कपाटात टाकतो आणि पुन्हा कुबड्या काढतो.

हे काम तिला सासऱ्यांनी शिकवलं. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा मागच्या पडवीतल्या कारखान्यात सासू-सासरे दोघं शीट ओढायचे. शीट म्हणजे प्लास्टिकचा जाड पांढरा पत्रा. तो भट्टीत तापवत ठेवायचा. हळूहळू त्याचा पांढरेपणा जातो आणि काचेसारखं आरपार दिसायला लागतं. त्या क्षणी दोघांनी दोन्हीकडून हातमोज्यांनी तो उचलायचा, पायाच्या प्लास्टरच्या साच्यावर पांघरायचा, एका ताणानं खाली ओढायचा आणि खालच्या अंगाला दोन्ही कडा चिमटीत धरून जोडायच्या. एकानं जरा जास्त ओढलं की त्या बाजूला शीट पातळ पडते आणि पुढे कधीतरी भर रस्त्यात खोबणी तडकते. रेंगाळलं की शीट गार होऊन घड्या पडतात. सासऱ्यांचा दंडक असा, की शीट हातात असताना बोलायचं नाही आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. कोपराकडे बघायचं. "तोंड काहीही सांगतं. हात कुठे जाणार ते कोपर सांगतं," म्हणायचे. सासूबाई थकल्यावर त्यांचं टोक सुनेच्या हातात आलं. दोघा म्हाताऱ्यांच्या माघारी तो कारखानाही बसला.

मग परदेशातल्या एका कार्यशाळेला कुशल कारागीर हवा असल्याचं कळलं. कागद गेले, कामाची चाचणी झाली, व्हिसा आला. कुशल कामगाराचा व्हिसा. नाव ऐकून छाती फुगावी असं, पण त्याला एक दोरी होती आणि तिचं दुसरं टोक मालकाच्या खुंटीला बांधलेलं होतं. ज्यानं बोलावलं त्याच्याकडेच काम करायचं. त्यानं काढलं तर थोड्याच दिवसांत नवा मालक शोधायचा, नाहीतर बोचकं उचलायचं. सोबत नवरा येऊ शकत होता. आला तर राहू शकत होता, खाऊ शकत होता, झोपू शकत होता. फक्त काम करू शकत नव्हता.

आता हा नवरा म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेला मिस्त्री. ट्रकचा आवाज दारातून ऐकून गिअरबॉक्सचं दुखणं सांगणारा. तिकडे असताना त्याच्या काळ्या हातांपायी रोज भांडण. "आधी हात धुवा. कपाला डाग, दाराला डाग, पडद्याला डाग, माझं घर आहे की गॅरेज?" हे वाक्य ती इतक्या वेळा बोलली होती की शेजारच्या पोपटालाही पाठ झालं असतं. इकडे आल्यावर मिस्त्री दोन खोल्यांत बसला. भांडी घासली, कपडे वाळत घातले, शेजाऱ्यांच्या सायकली फुकट दुरुस्त करून दिल्या. पैसे घेतले तर गुन्हा. स्वतःला तो घरमंत्री म्हणायचा आणि हसायचा. पहिलं वर्ष हसला. पुढे विनोद तोच राहिला, हसणं कमी झालं. त्याची नखं पांढरी स्वच्छ झाली. रात्री जेवताना ती नखं दिसली की पायवाली नजर ताटाकडे वळवायची. बोलून काय होणार होतं?

तिला एकच गोष्ट हवी होती. इथे कायमचं राहण्याचा परवाना. तो मिळाला की मालकाची दोरी सुटणार होती आणि मिस्त्रीला काम करता येणार होतं. घर नको, गाडी नको, दागिना नको. तो परवाना मिळेपर्यंत दात-ओठ आवळून टिकायचं, हे तिनं विमानातच ठरवलं होतं, आणि ठरवलेलं सोडणाऱ्यांतली ती नव्हती. साहेब म्हणाले थांबा, की ती थांबायची. सुट्टीच्या दिवशी या, की यायची. ताप असला तरी यायची.

कार्यशाळा एका गोदामाच्या मागच्या अर्ध्या भागात होती. एका भिंतीला भट्टी, मधे साचे धरायचे लोखंडी शिकंजे, कोपऱ्यात प्लास्टरची पोती. सगळ्या वस्तूंवर पिठासारखी पांढरी धूळ. पहिल्याच दिवशी तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. तिच्या टेबलावरचे प्लास्टर तासायचे चाकू उलट्या बाजूला धार लावलेले होते. कानशींच्या मुठीही भलत्याच बाजूला झिजलेल्या. डावऱ्या माणसाची हत्यारं. तिनं विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "जुनी आहेत, टाकून द्या." चांगली हत्यारं टाकून द्यायला तिचा हात धजला नाही. तिनं ती पुसून खालच्या खणात ठेवली आणि स्वतःची आणलेली काढली.

तिच्यासोबत शीटचं दुसरं टोक धरायचे ते प्लास्टरकाका. इथलेच, या शहरातच जन्मलेले. साच्याचं प्लास्टर कालवण्यात त्यांची हयात गेली. पाठ वाकलेली, जीभ मात्र ताठ. त्यांचं आणि तिचं जमायला वेळ लागला. पहिले कित्येक महिने ते तिच्याशी कामापुरतंच बोलायचे, आणि तेही भिंतीकडे बघून. मग एकदा तिनं सुट्टीच्या दिवशीचं काम निमूटपणे अंगावर घेतलं आणि त्यांचं डोकं फिरलं.

"पोरी, तुला एक विचारू? तू कधी नाही म्हणतेस का गं?"

"मला परवडत नाही काका."

"तेच तर. तुला नाही म्हणता येत नाही, म्हणून आमच्या नाहीलाही आता कोणी विचारत नाही. खालच्या खणात जी हत्यारं ठेवलीस ना, ती डावरीची. ती नाही म्हणायची. पगार वाढवा म्हणायची, सुट्टीला येणार नाही म्हणायची, तोंडावर म्हणायची. तिला साहेबांनी सांगितलं, काम कमी झालंय, तुला ठेवता येत नाही. ती गेली आणि महिनाभरात तू आलीस."

पायवालीला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती कारागीर म्हणून आली होती, कुणाच्या पाटावर बसायला आली नव्हती. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. मी काय केलं? मी काय तिला हाकललं? त्या रात्री तिनं मिस्त्रीला सांगितलं. मिस्त्री पोळपाट पुसता पुसता म्हणाला, "तू नसतीस आलीस तर दुसरी कुणी आली असती." ते खरं होतं. तरी दुसऱ्या दिवसापासून खालचा खण उघडताना तिचा हात जरा अडखळायचा.

अशी काही वर्षं गेली आणि एके दिवशी साहेबांनी तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. साहेब हा माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. भित्रा माणूस वाईटाइतकंच नुकसान करतो, फक्त ते करताना घाम पुसतो. घाम पुसत त्यांनी सांगितलं, की तिच्या कायमच्या परवान्याचा अर्ज आता करता येईल. पण कायद्याची एक अट आहे. तिच्याच जागेची जाहिरात द्यायची. इथला कुणी लायक माणूस आला तर जागा त्याची. कुणीच लायक निघाला नाही, तरच अर्ज पुढे जाणार.

"कामाची परीक्षा घ्यावी लागेल," साहेब म्हणाले. "कामगार कार्यालयाचा निरीक्षक समोर बसेल. परीक्षा काय ठेवायची ते तुम्हीच ठरवा बाई. या कामातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?" आणि टेबलावरच्या पेनाशी चाळा करत पुढे म्हणाले, "अशी ठेवा, की तुमचं काम होईल."

ज्याला इशारा कळत नाही असं कोण असतं? दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवण्यात साहेबांचा हात कुणी धरला नसता.

घरी आल्यावर तिनं जाहिरातीचं सांगितलं, परीक्षेचं नाही. मिस्त्रीनं कपाटातला खाकी शर्ट काढला. गॅरेजचा. इतकी वर्षं घडी घालून ठेवलेला. अंगात घातला तर पोटावर बटणं लागेनात.

"वाट बघून माणूस फुगतो बघ," तो म्हणाला.

"वाट बघून नाही, भात खाऊन," ती म्हणाली.

दोघंही हसले. पण शर्ट परत कपाटात गेला नाही. खुर्चीच्या पाठीवर टांगलेला राहिला आणि येता-जाता तिला दिसत राहिला. त्या शर्टाकडे बघत तिनं परीक्षा ठरवली. उमेदवारानं साच्यावर शीट ओढायची. एकट्यानं.

प्लास्टरकाकांनी ऐकलं आणि कालवायचं थांबवलं. "एकट्यानं शीट? तू ओढलीस कधी?"

"जमवलं तर जमतं."

"असं का? मग जमवून दाखव."

तिनं जमवून बघितलं. त्या वेळी एका न्हाव्याचा पाय हातात होता. न्हावी दिवसभर उभा राहणारा, बोलका, जुन्या खोबणीनं गुडघ्याखाली जखम केलेला. आपली शीट भट्टीत गेली म्हणून तो कौतुकानं बाकावर बसून बघत होता. पायवालीनं शीट एकटीनं उचलली. डावीकडे ओढली तर उजवीकडे लोंबली, उजवीकडे गेली तर डावीकडची साच्याला चिकटून गार झाली. खालची कड जोडायला तिसरा हात हवा होता आणि देवानं तो दिलेला नाही. सगळी घडी-घडी झालेली शीट तिनं साच्यावरून खरवडून काढली.

"हा माझा पाय होता का?" न्हाव्यानं विचारलं.

"तुमचा नीट करून देईन," ती म्हणाली. काका काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

म्हणजे तिला माहीत होतं. एक गोष्ट इथे नीट समजून घ्या, तिला पुरतं माहीत होतं. एकट्यानं शीट कुणालाच ओढता येत नाही, तिला स्वतःलाही नाही. तरी तिनं परीक्षा बदलली नाही. खुर्चीवर शर्ट होता.

जाहिरातीला फारसं कुणी आलं नाही. हे काम किचकट, आणि शिकलेले थोडे. परीक्षेच्या दिवशी एकच उमेदवार दारात उभी राहिली. बुटकी, रुंद खांद्यांची, केस करकचून बांधलेली बाई. तिनं आत येऊन आधी प्लास्टरकाकांच्या पाठीवर थाप मारली, धुरळा उडाला. मग सरळ पायवालीच्या टेबलाशी गेली, खालचा खण उघडला आणि आपला चाकू डाव्या हातात घेतला. त्याच्यावर गंज नव्हता. तिनं बोटानं धार बघितली आणि मान वर करून पायवालीकडे पहिल्यांदा पाहिलं.

"पुसून ठेवलीस?"

"चांगली हत्यारं आहेत ताई," पायवाली म्हणाली.

निरीक्षकाला बसायला खुर्ची नव्हती, तो प्लास्टरच्या पोत्यावर बसला. काळी पँट घालून. काका ते बघून गालात हसले, पण कुणी त्याला उठवलं नाही. साहेब केबिनच्या दारात उभे होते. शिकंज्यात न्हाव्याचाच साचा लावलेला होता, आणि न्हावी बाकावर होता, कारण त्याला आज पाय देण्याचं कबूल केलं होतं. शीट भट्टीत होती. कडांनी तिचा पांढरेपणा जायला लागला होता.

डावरीनं हातमोजे चढवले. साच्याभोवती एक फेरी मारली, साच्यावर चढवलेला कापडी मोजा नीट ताणला, भट्टीच्या काचेतून आत डोकावली. मग सवयीनं विचारावं तसं विचारलं, "दुसऱ्या टोकाला कोण?"

साहेबांनी घसा खाकरला. "परीक्षा एकटीनं द्यायची आहे."

"एकटीनं?" डावरी हसली. मग हसू थांबलं. ती साहेबांशी बोलली नाही. पायवालीकडे वळली. "तू एकटीनं ओढतेस?"

निरीक्षकानंही मान वर केली. आता सगळे पायवालीकडे बघत होते. एक शब्द पुरेसा होता. 'हो' म्हणायचं. खोटं सिद्ध करायला कुणी तिच्याकडून तिथल्या तिथे शीट ओढून घेणार नव्हतं. 'हो' म्हणालं की घोडं गंगेत न्हालं. डोळ्यांसमोर खाकी शर्ट आला, पांढरी नखं आली. भट्टीत शीट निम्मी काच झाली होती. तापलेली शीट कुणासाठी थांबत नाही. काढली नाही तर गळून पडते, आणि बाकावर न्हावी आपल्या रिकाम्या पँटच्या पायावर हात ठेवून बसला होता.

पायवालीनं डावरीच्या तोंडाकडे बघितलं नाही. कोपराकडे बघितलं. डावं कोपर अंगाजवळ आवळलेलं होतं. ज्या माणसाला आपण आता हरणार हे कळलेलं असतं आणि तरीही जो जागचा हलत नाही, त्याचं असतं तसं.

"नाही," पायवाली म्हणाली. "मी एकटीनं नाही ओढत. कुणालाच येत नाही. परीक्षा मी चुकीची ठेवली."

आणि हातमोजे घालून ती भट्टीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

दोघींनी शीट उचलली. एक उजवी, एक डावरी, समोरासमोर; आरशात बघितल्यासारखे हात चालले. काकांबरोबर ओढताना तिला नेहमी एका बाजूला वळून सांभाळून घ्यावं लागायचं. इथे काही सांभाळावं लागलं नाही. शीट साच्यावर उतरली, एका ताणानं खाली गेली, खालच्या कडेला दोघींची बोटं पुढून मागे सरकत गेली आणि मधे येऊन भेटली. काकांनी हवा खेचायचा पंप चालू केला. शीट साच्याला चामडीसारखी बसली. गार होईपर्यंत सगळे तसेच उभे होते, आणि मग निरीक्षक पोत्यावरून उठला, अंगठ्यानं खोबणी चारी बाजूंनी दाबून बघितली आणि म्हणाला, "ह्या बाई लायक आहेत." पाठमोरा झाला तेव्हा त्याच्या काळ्या पँटवर दोन पांढरे गोल उमटले होते.

साहेबांनी तिला केबिनमध्ये नेलं आणि काच हादरेल असा आवाज चढवला. "आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात बाई. मी तुमच्यासाठी एवढं केलं. जागा तिची झाली, अर्ज बाद झाला, कळतंय का? आहे तो व्हिसा संपेपर्यंत राहा, पुढे तुमची वाट तुमची."

"कळतंय साहेब," ती म्हणाली. आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढे म्हणाली, "उद्या सुट्टी आहे. मी येणार नाही."

बाहेर नळावर डावरी हात धूत होती. पायवालीला वाटलं होतं, ती आभार मानेल. कसले आभार.

"मला वाटायचं माझं काम तू खाल्लंस," डावरी म्हणाली. "इतकी वर्षं गोदामं झाडली, हॉटेलात भांडी विसळली, आणि रोज मनातल्या मनात तुझ्या नावानं बोटं मोडली. आज बघते तर तू ह्या माणसाच्या दावणीला माझ्यापेक्षा घट्ट बांधलेली. पण एक सांगते. मी उपकारानं नाही आत आले. मला काम येतं म्हणून आले."

"म्हणून तर टोक धरलं ताई."

डावरीनं नळ बंद केला. "परीक्षा मात्र भिकार ठेवली होतीस," ती म्हणाली, आणि निघून गेली.

घरी जाताना पायवालीचे पाय उचलत नव्हते. दुसऱ्यांना पाय देणारी बाई, आणि जिना चढवेना. साहेबांसमोर न डगमगलेली ती, मिस्त्रीसमोर जायला भ्याली. त्यानं दार उघडलं, तिचं तोंड बघितलं आणि बाजूला झाला. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. परीक्षा काय ठेवली होती तेही. आपण हरलो हेही. शर्टाकडे न बघता सांगितलं.

कारागिराच्या पोरानं विचारावं तेच मिस्त्रीनं विचारलं.

"शीट नीट बसली का?"

तिला हुंदका आवरला नाही. "अशी बसली," ती रडत म्हणाली, "की तुमचे वडील असते तर बघतच राहिले असते."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि शर्ट उचलून घडी घालायला लागला. घडी नीट पडत नव्हती. तिनं त्याच्या हातातून शर्ट घेतला आणि परत खुर्चीवर टांगला. "राहू द्या इथेच. व्हिसा संपायचाय, मी नाही संपले."

आणि ती संपली नाहीच. दुसऱ्या कार्यशाळांना पत्रं धाडली, नकार आले, पुन्हा धाडली. इकडे कामावर दोघी रोज समोरासमोर उभ्या राहायला लागल्या. गोडीगुलाबी नव्हती; डावरीचं तोंड फाटकं आणि पायवालीला टापटिपीचं वेड, दिवसातून एकदा तरी खटका उडायचा. पण खोबण्या परत येईनात. पूर्वी महिन्यातून एखादी तरी तडकून यायची. न्हावी तर आपल्या दुकानात गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून पायाची गोष्ट सांगायचा, त्यामुळे गिऱ्हाईक शेवटपर्यंत ऐकायचं, आणि त्यातले काही जण आपल्या नात्यातल्या पांगळ्यांना घेऊन यायचे. साहेबांनी जादा कामाचं विचारलं की डावरी नाही म्हणायची आणि तिच्या मागोमाग पायवालीही म्हणायची. सुरुवातीला म्हणताना तिला घाम फुटायचा. मग सवय झाली.

पुढे प्लास्टरकाकांची पाठ पार गेली आणि ते घरी बसले. कामं वाढलेली, तिसरा माणूस नाही, आणि पायवालीचा व्हिसा संपत आलेला. ती गेल्यावर डावरीच्या समोर कोण उभं राहणार, हे बघायला साहेबांनी एकदा स्वतः टोक धरून पाहिलं. बोटं भाजून घेतली आणि शीट जमिनीवर पाडली. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," डावरी म्हणाली, हळू, पण ऐकू जाईल इतपत. दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी आणखी एका जागेची जाहिरात दिली आणि पायवालीचा अर्ज पुन्हा काढला. या वेळी परीक्षा डावरीनं ठरवायची होती.

आदल्या दिवशी डावरी तिला म्हणाली, "ऐक. परीक्षा साधी आहे. शीट ओढायची, दुसऱ्या टोकाला मी. कुणीही येऊ दे, माझं टोक मी सरळ धरणार. तुझ्यासाठी वाकडं धरणार नाही."

"वाकडं धरलंस तर मीच काम सोडीन," पायवाली म्हणाली. त्या रात्री मात्र तिला झोप लागली नाही.

परीक्षेला एक तरणाबांड माणूस आला. इथलाच, गाड्यांचे सांगाडे बनवणाऱ्या कारखान्यातून काढलेला. त्याच्या घरी आजारी आई होती, हे त्यानं निरीक्षकाला सांगितलेलं पायवालीनं ऐकलं, आणि ऐकलं नसतं तर बरं असं तिला वाटलं. निरीक्षकानं या वेळी स्वतःची घडीची खुर्ची आणली होती. तो माणूस आणि डावरी समोरासमोर उभे राहिले. डावरीनं टोक सरळ धरलं, अगदी सरळ. पायवाली तिच्या कोपराकडेच बघत होती. त्या माणसानं मात्र घाईत, ताकदीनं ओढलं. खोबणी गार झाल्यावर निरीक्षकानं अंगठ्यानं दाबली तर त्याच्या बाजूला कागदासारखी आत गेली. माणसाचं तोंड उतरलं.

"हात चांगला आहे तुझा," डावरी त्याला म्हणाली. "काकांची जागा रिकामी आहे. प्लास्टर कालवायला ये. ओढायला मी शिकवते." मग साहेबांकडे वळून म्हणाली, "घेणार ना?" साहेबांनी घाम पुसला आणि मान हलवली. पूर्वी त्यांनी ती हलवली नसती.

परवाना यायला पुढे पुष्कळ दिवस लागले, सरकारी काम ते. पण आला. खाकी शर्टाची बटणं पायवालीनं पुढे सरकवून दिली, आणि एका सकाळी मिस्त्री तो घालून दोन रस्ते पलीकडच्या गॅरेजात कामाला गेला.

संध्याकाळी ती घरी आली तर तो आधीच आलेला. टेबलाशी बसून चहा घेत होता. हात कोपरापर्यंत काळे, नखांत ग्रीस, कपाला बोटांचे ठसे, दाराच्या मुठीला ठसे, पडद्याला एक मोठा. तिला बघून तो चपापला, कप खाली ठेवून उठायला लागला.

"बसा," ती म्हणाली, आणि त्याला हात धुवायला सांगितलं नाही.